पेपर सगळ्यांना वाचू द्या, पण दोन लाख भरू नका

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मालवण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले काढणाऱ्या बायकांबरोबर फिरून मी पीएचडीचं काम केलं. शिंपला कोणत्या महिन्यात किती वाढतो, अंडी कधी धरतो, किती बारीक माल उचलला जातो, असा तो अभ्यास. त्यावरचा पेपर एका परदेशी जर्नलने स्वीकारला आहे. आता त्यांनी दोन पर्याय दिलेत. ओपन ॲक्सेस हवं असेल तर २,४०० डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या घरात. नको असेल तर काही भरायचं नाही, पण पेपर फक्त वर्गणीदारांना दिसणार. गाईड म्हणतात, नाव मोठं आहे, फुकट छापतायत, बंदच राहू दे. घरी यजमान म्हणतात, यंदाच्या आंब्याचे पैसे आलेत, भरून टाक. एक सहकारी म्हणतो, तीन हजारात आठ दिवसांत छापणारं जर्नल आहे, तेही ओपनच. आणि ज्या बायकांनी मला खाडी शिकवली त्या विचारतात, 'बाय, आमच्या खाडयेचा काय लिवलंस ता आमका कधी दाखवतलंस?' त्यांच्यातल्याच एक काकी मात्र म्हणाल्या, सगळ्या जागा छापल्यास तर उद्या बाहेरचे ठेकेदार येतील, नाहीतर सरकार खाडीच बंद करील. करारावर सही करायला दहा दिवस आहेत. मला काही सुचत नाही."

ताई,

सगळ्यांत आधी अभिनंदन. गुडघाभर चिखलात उभं राहून केलेलं काम बाहेरच्या परीक्षकांच्या नजरेतून पार पडलं, ही छोटी गोष्ट नाही.

आता माझं मत सरळ सांगते. तुमचा पेपर उघडा असायलाच हवा. पण त्यासाठी घरातला एक रुपयाही खर्च करू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात आणि तुम्ही आज ज्या टप्प्यावर आहात तिथेही जमतात. तीन हजारांच्या जर्नलकडे तर फिरकूच नका. काकींच्या शंकेबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, कारण मला तुमच्या पत्रातला तोच भाग सर्वांत वजनदार वाटला.

पेपर बंद राहिला तर नेमकं कोण वाचू शकणार नाही, ते बघू. इंग्लंड-जर्मनीतल्या विद्यापीठांकडे वर्गण्या आहेत, ते वाचतील. आपल्याकडेही परिस्थिती बरीच सुधारली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि ६,३०० हून अधिक संस्थांना वाचायची सोय. कोकणातल्या शिक्षकांना पूर्वी जे पेपर मुंबई-पुण्यातल्या ओळखीतून मागवावे लागत, ते आता सरकारी संस्थांत जागेवर उघडतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण ही योजना आहे ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. आपल्या पट्ट्यातली किती महाविद्यालयं स्थानिक शिक्षण मंडळांनी, गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभी केलेली आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. आणि महाविद्यालयाच्या बाहेरचं काय? मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, खाडीकाठच्या ग्रामपंचायतीचा सदस्य, कणकवलीचा वार्ताहर, निवृत्त झालेले शिक्षक, बचतगट चालवणारी बाई. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर वर्षानुवर्षं कातळशिल्पं शोधणाऱ्या मंडळींचं घ्या. त्यांच्या पायपिटीमुळे कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत पोहोचली. अशा माणसांना एक पेपर वाचायला तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. खाडीवर ज्यांचं पोट आहे आणि खाडीबद्दल जे निर्णय घेणार आहेत, नेमकी तीच माणसं कुलपाबाहेर राहतात.

कोणी म्हणेल, बायकांना इंग्रजी पेपर उघडून दिला तरी काय उपयोग? उपयोग आहे. उद्या खाडीच्या मुखाशी काही बांधायचं ठरलं, तर हरकत नोंदवणारा गावातला वकील, एखादा शिकलेला मुलगा, एखादी संस्था तुमचे आकडे पुढे करू शकेल. त्यांच्या हातात पेपर नसेल तर 'इथे फारसं काही नाही' हे वाक्य अहवालात तसंच राहतं.

मी कोकणातल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. दरवर्षी कोणतं जर्नल बंद करायचं यावर चर्चा व्हायची आणि दरवर्षी यादी आखूड व्हायची. या धंद्याची रचनाच विचित्र आहे. संशोधनाचा खर्च बहुतेकदा करदात्याचा. लेख लिहिणाऱ्याला मानधन नाही. तपासणाऱ्या परीक्षकालाही नाही. आणि छापून झालं की तोच लेख संस्थेच्या ग्रंथालयाने विकत घ्यायचा. यातून बाहेर पडायची एक वाट लवकरच दिसली. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ साली अमेरिकेत लॉस अलामोसला 'अर्काइव्ह' सुरू केलं. छापण्याआधीचा मसुदाच तिथे सगळ्यांसाठी ठेवायचा. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या बैठकीतून निघालेला जाहीरनामा आला आणि 'ओपन ॲक्सेस' हा शब्द रुळला. त्यात दोन रस्ते सांगितले होते. एक, लेखकाने आपली प्रत स्वतःच खुल्या संग्रहात ठेवायची. दोन, जर्नलच खुलं काढायचं. लेखकाने दोन लाख भरावेत असं त्याच्या मुळाशी कुठेही नव्हतं. खर्च कुठून भागवायचा याचे अनेक मार्ग त्यात सुचवले होते, त्यातला लेखकाकडून शुल्क घेण्याचा मार्ग मोठ्या प्रकाशकांनी उचलला आणि फुगवला.

फुगवला म्हणजे किती? 'नेचर'ने २०२१ पासून खुल्या लेखासाठी ९,५०० युरो शुल्क ठेवलं. आपल्याकडच्या शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार. पूर्वी गरिबाला वाचता येत नव्हतं, आता गरिबाला लिहिता येत नाही. ओपन ॲक्सेसचा मला दिसणारा सर्वांत मोठा दोष हाच. मोठे प्रकाशक गरीब देशांतल्या लेखकांना शुल्कमाफी देतात, पण सहसा 'रिसर्च फॉर लाइफ'च्या यादीतल्या देशांना, आणि त्या यादीत भारत नाही. तुमच्या जर्नलसारखं जे हायब्रिड असतं, म्हणजे काही लेख खुले आणि बाकीचे वर्गणीचे, तिथे तर माफी क्वचितच मिळते. फुकटचा पर्याय समोर आहे ना, मग तो घ्या, असं उत्तर येतं. आणि हायब्रिड जर्नलला ग्रंथालयं वर्गणीही देत असतात. म्हणजे एकाच अंकाचे पैसे दोन्ही बाजूंनी.

म्हणून यजमानांना माझा निरोप द्या. तुमच्या कामासाठी बागेचे पैसे पुढे करणारा माणूस घरात आहे हे तुमचं भाग्य. पण मोहोरापासून पेटी भरेपर्यंतच्या कष्टाचे ते पैसे एका फाइलवरचं कुलूप काढायला जाऊ नयेत. 'वन नेशन' योजनेत निवडक चांगल्या खुल्या जर्नलांच्या शुल्कासाठी वेगळा निधी जाहीर झालेला आहे, त्याबद्दल तुमच्या ग्रंथपालांना जरूर विचारा. निधी संस्थेचा किंवा प्रकल्पाचा असेल तर शुल्क भरण्यात गैर काही नाही. घरातून नको.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या जर्नलबद्दल. शुल्कावर चालणाऱ्या रचनेतला हा सडका भाग आहे. जितके लेख छापाल तितके पैसे, म्हटल्यावर काही न तपासता छापणारेही निघाले. कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी' म्हटलं आणि त्यांची यादी ठेवली. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स'साठी एक प्रयोग केला. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला खोटा पेपर त्याने ३०४ खुल्या जर्नलांकडे पाठवला. निम्म्याहून अधिक जर्नलांनी तो स्वीकारला, आणि त्यांतली बरीच आपल्या देशातली होती. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. लेखकांची दिशाभूल केल्याचा तो खटला होता.

केवळ छोटे प्रकाशकच घसरले असंही नाही. हिंदावी हे खुल्या जर्नलांचं मोठं नाव होतं. वायली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ते विकत घेतलं आणि २०२३ या एका वर्षात तिथले ८,००० हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन खोटे पेपर तयार करून देणाऱ्या टोळ्या आत शिरल्या होत्या.

तरीही यावरून 'ओपन म्हणजे हलकं' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तुमचे गाईड कदाचित त्याच पिढीतले असतील. जर्नल चांगलं की वाईट हे त्याच्या तपासणीवरून ठरतं, कुलपावरून ठरत नाही. बंद जर्नलांतूनही खोटे पेपर मागे घेतले गेलेत. आणि पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांकडून तपासणी, प्रामाणिकपणे करणारी खुली जर्नल्स भरपूर आहेत. २००३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून सुरू झालेली डीओएजे ही सूची तपासून घेतलेल्या खुल्या जर्नलांची आहे आणि तिच्यात आज वीस हजारांहून अधिक नावं आहेत.

सहकाऱ्याचं जर्नल त्या सूचीत शोधा. मागच्या अंकांतले दोन-तीन लेख नीट वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा की आपण या मंडळावर आहात का. कधी कधी उत्तर येतं, 'मला माहीतच नाही.' आठ दिवसांत छापतो म्हणणाऱ्याने तुमचा पेपर कोणाकडून तपासून घेतला असेल? यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता ही पारख महाविद्यालयाला आणि आपल्याला स्वतः करावी लागते. बढतीच्या फाइलमध्ये तो पेपर कदाचित चालून जाईल. पण तुमचं पाच-सहा वर्षांचं काम अशा ठिकाणी गेलं की पुढे कोणी त्याचा आधार घेणार नाही, आणि एकदा छापलेला पेपर दुसरीकडे पाठवता येत नाही. म्हणून मी इतकं कळकळीने सांगते आहे.

मग काय करायचं? गाईडचा अर्धा सल्ला माना. शुल्काशिवायचा पर्याय निवडा. मोठ्या जर्नलचं नाव मिळेल, तुमच्या आणि गाईडच्या नोकरीला त्याचा उपयोग होईल. पण सही करण्याआधी कराराचा तो भाग वाचा जिथे लेखकाने आपली प्रत कुठे आणि कधी ठेवावी हे लिहिलेलं असतं. बुडापेस्टच्या दोन रस्त्यांमधला पहिला रस्ता तो हाच, त्याला ग्रीन ओपन ॲक्सेस म्हणतात. 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचं 'शेर्पा रोमिओ') या साइटवर जर्नलचं नाव टाकलं की त्या जर्नलचे नियम दिसतात.

इथे तीन प्रतींमधला फरक नीट ध्यानात घ्या, कारण सगळी गल्लत इथेच होते. परीक्षकांकडे पाठवलेला तुमचा पहिला मसुदा हा प्रीप्रिंट. तो कधीही खुला ठेवायला बहुतेक जर्नल्स परवानगी देतात. परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली, स्वीकारली गेलेली पण त्यांनी मांडणी न केलेली तुमची वर्ड फाइल, ही दुसरी प्रत. ती खुल्या संग्रहात ठेवायला बहुतेक ठिकाणी मुभा असते, पण अनेकदा बारा किंवा चोवीस महिन्यांनी. तिसरी म्हणजे जर्नलच्या बोधचिन्हासह छापलेली पीडीएफ. ती मात्र कुठेही टाकू नका. दुसरी प्रत आजच वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. पुष्कळ लेखकांकडे नंतर सापडत नाही ती नेमकी हीच. विज्ञान तेच असतं तिच्यात, फक्त रूप साधं. विद्यापीठाचा संग्रह असेल तर तिथे ठेवा, नसेल तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या 'झेनोडो' संग्रहावर ठेवा, तिथे कोणालाही विनाशुल्क ठेवता येतं आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांकही मिळतो. तुमच्या कामाला केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचा (डीएसटी, डीबीटी) पैसा मिळाला असेल, तर २०१४ च्या त्यांच्या धोरणाप्रमाणे प्रत संग्रहात ठेवणं अपेक्षितच आहे. गाईड सहलेखक असतील, तेव्हा त्यांना हे आधी सांगा. त्यांचा विरोध असण्याचं कारण मला दिसत नाही, त्यांचं काहीच जात नाही.

या रस्त्याची उणीवही आहे. वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि लोकांना मूळ जर्नलच्या पानावर कुलूपच दिसतं, बाजूला खुली प्रत आहे हे कळत नाही. 'अनपेवॉल' हे ब्राउझरचं साधन ती शोधून देतं, पण ते माहीत किती जणांना? कुलूपबंद पेपर प्रकाशकांच्या परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या सायहब या साइटचं नाव कोणी काढेल. अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये ती साइट काढली, अनेक संशोधकांना तिचाच आधार वाटत आला, आणि भुकेल्याची गरज मला कळते. पण २०२० पासून दिल्ली उच्च न्यायालयात तिच्यावर खटला आहे आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ती भारतात बंद करण्याचे आदेश दिले. आपलं काम वाचकाने आडमार्गाने मिळवावं, ही व्यवस्था मला तरी मान्य नाही, विशेषतः आपल्या हातात सरळ मार्ग असताना.

पुढच्या पेपरच्या वेळी मात्र सुरुवातीपासूनच वेगळा विचार करा. तुमच्याकडे बायकांच्या कमाईची, बाजाराची, कोण किती माल काढतं याची माहिती शिल्लक असणार. तो पेपर अशा जर्नलला द्या जिथे वाचणाराही पैसे देत नाही आणि लिहिणाराही नाही. त्याला डायमंड म्हणतात. खर्च संस्था, अकादमी किंवा सरकार उचलतं. लॅटिन अमेरिकेत हीच मुख्य परंपरा आहे. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या सायेलो या खुल्या व्यासपीठावर शेकडो जर्नल्स अशा सार्वजनिक पैशावर चालतात. आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे, आपण तिला नाव दिलं नाही इतकंच. बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स, १९३२ पासूनचं 'करंट सायन्स', कोइंबतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'. तुमच्या विषयापुरतं बोलायचं तर 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' आणि मरीन बायॉलॉजिकल असोसिएशन ऑफ इंडियाचं जर्नल. हे दुसरं १९५९ पासून निघतं आणि त्याचे साठीतले अंकसुद्धा आज फोनवर उघडतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा (सीएमएफआरआय) ई-प्रिंट्स संग्रह तर मत्स्यविज्ञानासाठी खजिनाच आहे. लेखकाकडून काय घेतात ते प्रत्येक जर्नलच्या पानावर आधी वाचून घ्या, नियम बदलत असतात.

देशी जर्नलला 'इम्पॅक्ट फॅक्टर कमी', म्हणजे त्यातल्या लेखांचे दाखले इतर लेखांत कमी दिले जातात, म्हणून नाक मुरडलं जातं, त्याचं मला फार वाईट वाटतं. केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीसाठीचं मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (एमएससी) मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं. तिथे अंडी धरायच्या हंगामात, डिसेंबर ते फेब्रुवारी, माल काढणं थांबवलं जातं, बारीक माल उचलत नाहीत. या शिस्तीमागे सीएमएफआरआयचा अभ्यास आहे आणि तो कोणालाही वाचता येतो. आपल्या खाडीसाठी असं काही उद्या करायचं ठरलं तर आधार तुमच्याच आकड्यांचा असेल. ते आकडे केवळ परदेशी वर्गणीदारांच्या कपाटात असून कसं चालेल?

लायसन्सबद्दल दोन शब्द, कारण बायकांना दाखवण्याचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. खुल्या पेपरवर बहुधा 'सीसी बाय' हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. श्रेय देऊन कोणीही पेपर वापरावा, छापावा, भाषांतर करावं. त्याला 'एनडी', म्हणजे बदललेलं रूप प्रसिद्ध करायचं नाही, ही अट जोडलेली असेल तर भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. हे सहज नजरेतून सुटतं आणि मराठीसाठी तेच सर्वांत नडतं. बंद पर्यायात तुम्ही हक्क प्रकाशकाला देता, मग पूर्ण लेखाच्या भाषांतराला त्यांची परवानगी मागावी लागते. पण घाबरू नका. तुमचे निष्कर्ष तुमच्याच शब्दांत मराठीत किंवा मालवणीत सांगायला कोणाचीही परवानगी लागत नाही. हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. चार पानांचं पत्रक काढा, आकृत्या नव्याने काढा. कोणत्या महिन्यात पोटात अंडी असतात, किती बोटांएवढा शिंपला राखावा, पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की काय होतं. ते पत्रक पेपर छापून येईपर्यंत थांबवू नका.

काही जण म्हणतील, खुलं ठेवलं की कंपन्या आणि एआयवाले उचलून नेतात. खरं आहे. पण बंद ठेवल्याने ते टळतं असं नाही. टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकाची मूळ कंपनी इन्फॉर्मा हिने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी लेखांच्या वापराचा करार केला, पहिल्या वर्षाचे एक कोटी डॉलर. हक्क एकदा दिला की लेखकाला विचारतो कोण?

आता काकी.

त्यांची भीती हवेतली नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं तेव्हापासून तालुक्यातल्या मच्छीमारांच्या मनात कागदावरच्या रेषेबद्दल धास्ती आहे, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलंय. आणि बाहेरच्यांबद्दलही त्या बरोबर बोलतायत. चीनमध्ये गुहांत राहणाऱ्या पालीच्या एका जातीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात सापडल्याची जागा होती. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तोच पत्ता वापरला आणि त्या जागी ती जात उरली नाही. यावर २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये दोन शास्त्रज्ञांनी, दुर्मीळ जातींच्या नेमक्या जागा छापू नका, असं ठामपणे मांडलं. खुल्या प्रकाशनाच्या तोट्यांत शुल्काची चर्चा सगळे करतात. हा तोटा मात्र शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, तो खाडीत उतरणाऱ्या बाईच्या लक्षात आला.

उपाय आहे. पेपर उघडा असणं आणि प्रत्येक जागेचा अक्षांश-रेखांश उघडा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वाढीचा दर, हंगाम, आकार, हे सगळं छापा. माल दाट कुठे आहे ते बांध, ते वळण, ती पुळण नकाशावर टिंबाने दाखवू नका. खाडीचा वरचा, मधला आणि खालचा भाग एवढं विज्ञानाला पुरतं. बारीक तपशील 'लेखकाकडे विचारणा केल्यास' असा ठेवता येतो. पेपर स्वीकारला गेला असला तरी संपादकाला कारण सांगून नकाशा ढोबळ करून द्या. स्थानिकांचं हित हे कारण संपादकांना पटतं. आणि एक गोष्ट आजच तपासा. तुमचा प्रबंध विद्यापीठाने शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या खुल्या संग्रहावर ठेवला असणार. तिथे सगळे नकाशे, सगळे आकडे जगाला खुले असतील. पेपर बंद ठेवून काकींची भीती दूर होणार नाही, ती माहिती कदाचित आधीच बाहेर आहे. तसं असेल तर ती प्रकरणं काही काळ रोखून धरता येतात का हे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी विचारा.

पण कोणती जागा दाखवायची आणि कोणती नाही हे तुम्ही एकटीने ठरवू नका, मीही ठरवणार नाही. पुढच्या मोठ्या ओहोटीला बायका खाडीवर जमतील तेव्हा नकाशाची छापील प्रत घेऊन जा. प्रत्येक खूण कशाची ते सांगा आणि कोणती पुसायची ते त्यांना विचारा. ठेकेदार येतील अशा जागा त्या बरोबर दाखवतील. उलट काही जागा त्या मुद्दाम ठेवायला सांगतील, 'इथे आम्ही पिढ्यान् पिढ्या उतरतो' याचा छापील पुरावा म्हणून. तो पुरावा उद्या त्यांच्याच कामी येऊ शकतो. त्यांच्या नावांबद्दलही विचारा. आभाराच्या परिच्छेदात 'स्थानिक महिला' एवढंच लिहिलं असेल तर ते कमी आहे. ज्यांना चालेल त्यांची नावं द्या, ज्यांना नको त्यांची देऊ नका.

दहा दिवसांत हे सगळं बसतं. आधी जर्नलचे नियम आणि करार वाचा, गाईडशी बोला, मग खाडीवर जा, मग संपादकाला नकाशाबद्दल लिहा, आणि सही सर्वांत शेवटी. मुदत कमी पडली तर आठवडाभर वाढवून मागा, संपादक देतात. प्रूफ आल्यावर नकाशाचं पान आणि आभाराचा परिच्छेद आधी तपासा, बाकीच्या चुका नंतर. संपादकाला पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी लिहून देईन. आणि बायकांसाठीच्या पत्रकाचं पहिलं प्रारूप तयार झालं की मलाही एक प्रत पाठवा.